पाहुण्यांसमोर रडायचं नसतं

दिवाळी झाली की आमच्या भागातल्या शाळांतून मुली नाहीशा होतात. त्याचा गाजावाजा होत नाही आणि कुणी शोधायलाही जात नाही. कापूस फुटलेला असतो, आंबिया बहाराची संत्री तोडणीला आलेली असतात, आणि बाया सकाळीच मेटाडोरमध्ये उभ्या राहून शेतावर गेलेल्या असतात. घरी रांगतं लेकरू असतं. त्याला कोण सांभाळणार? त्याची बहीण. मग ती पाचवीत असो की नववीत. मास्तर हजेरी घेताना तिच्या नावापाशी थांबतसुद्धा नाहीत, कारण तेही याच भागातले. ती आता होळीशिवाय दिसत नाही, आणि तेव्हा आली तरी फळ्यावर काय चाललंय ते तिला कळत नाही, हे त्यांना पाठ असतं.

मी छिंदवाड्याकडच्या सौंसरची. जन्म इथला, शाळा इथली, आणि काम एका छोट्या संस्थेत. संस्था म्हणजे बसस्टँडच्या मागे भाड्याच्या दोन खोल्या, एक टेबल, एक हलणारं कपाट आणि निवृत्त मुख्याध्यापक असलेले आमचे सर. सर बोलायला गोड, मी तिखट. आई म्हणायची, हिला सासरी पाठवण्याऐवजी कोर्टात पाठवा, निदान दोन पैसे तरी मिळवेल. मी दोन्हीकडे गेले नाही. संस्थेत गेले, आणि तिथे दोन पैसेही नव्हते.

शाळाशाळांतून फिरताना मुलींचं हे प्रकरण लक्षात आलं तेव्हा उपाय सोपा वाटला, आणि तो खरोखरच सोपा होता. मुलीला शाळेत बसवायचं तर तिच्या कडेवरचं लेकरू आधी खाली उतरवायला हवं. गावात अंगणवाडी होती, पण ती जरा मोठ्या लेकरांची, आणि दुपारीच बंद होणारी. कापूस वेचणारी बाई परत येते दिवेलागणीला. म्हणून लोधीखेड्याच्या अलीकडच्या एका गावात, मजुरांच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, आम्ही झुलाघर, म्हणजे पाळणाघर, उघडलं. एक मोठी खोली, जुन्या साड्यांचे झोके, खिचडीपुरती चूल, आणि लेकरं सांभाळायला टोलीतल्याच दोन बाया. सकाळी मेटाडोर यायच्या आत लेकरं तिथे, संध्याकाळी आयांबरोबर घरी.

त्या वर्षी टोलीतल्या मुली दिवाळीनंतरही शाळेत गेल्या. एवढंच झालं. पेपरात छापून येण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण मला आठवतं, मार्गशीर्षातल्या एका थंड सकाळी मी लोधीखेड्याच्या रस्त्याला उभी होते आणि त्या पोरी दप्तरं घेऊन, एकमेकींना ढकलत, माझ्याकडे बघून खिदळत गेल्या. मी तिथेच उभी राहून वेड्यासारखी हसत होते. आयुष्यात आपल्या हातून काहीतरी बरं झालं असं मला त्या दिवशी वाटलं, आणि ते वाटणं मी अजून सोडलेलं नाही.

झुलाघराचा खर्च एका लांबच्या मोठ्या शहरातलं प्रतिष्ठान करत असे. माणसं वाईट नव्हती. त्यांना फक्त दरवर्षी बदल दाखवावा लागायचा, आणि बदल म्हणजे लेकरांची वजनं. आम्ही इमानदारीने लेकरांना तराजूच्या झोळीत घालायचो आणि वजनं पाठवायचो. बदल घडत होता बहिणींमध्ये आणि तोलली जात होती त्यांची भावंडं. सर म्हणायचे, असू दे, खिचडी शिजते आहे ना. मी म्हणायचे, शिजते आहे तोवर शिजते आहे.

त्या टोलीतल्या एका घराशी माझं जास्त जुळलं. घरात बाई, तिची मोठी मुलगी आणि पाळण्यातला मुलगा. नवरा नागपूरला इमारतींच्या कामावर, सणावारी यायचा. सासू नाही, जवळ जाऊ नाही. बाई काळीसावळी, उंच, कापूस वेचण्यात टोलीत एक नंबर. स्वभावाने मानी. तिच्या घरी गेलं आणि चहा न घेता उठलं तर ती आठवडाभर अबोला धरायची. दूध नसेल तर शेजारून आणायची, आणि शेजारून आणलं हे आपल्याला कळू नये म्हणून मागच्या दाराने आणायची.

मुलगी नववीत होती. लोधीखेड्याच्या शाळेत जायची, सरकारकडून मिळालेल्या सायकलवर. बोलायला आईपेक्षा एक पायरी वर. एकदा मला म्हणाली, "ताई, सौंसर-छिंदवाडा गाडीत बाई कंडक्टर काऊन नसते?" मी म्हटलं, तू हो. तर म्हणते, "होईनच. मंग तुमाले बी टिकिट काढा लागन, फुकट नाही बसू देणार." दहावी झाल्यावर काय काय करता येतं याची चौकशी ती माझ्याकडे करायची, आणि मी दिलेली माहिती शाळेतल्या सरांकडून पडताळूनही घ्यायची. माझ्यावर तिचा इतकाच भरवसा.

तिची आई दहावीकडे वेगळ्या डोळ्यांनी बघायची. नात्यातून सोयरिकीच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. नवऱ्याचा भाऊ दर सणाला नवीन स्थळ घेऊन यायचा. बाई मला म्हणाली होती, "जोवर पोरगी शाळेत जाऊन राहिली ना ताई, तोवर माह्यापाशी जवाब हाये. शाळा चालू हाये म्हनलं का त्यायचं तोंड बंद. एक डाव घरी बसली, का मंग माह्यं कोनी आयकत नाही." त्या घराचं सगळं गणित असं त्या एका झोक्याला टांगलेलं होतं. मुलगा झोक्यात, म्हणून मुलगी शाळेत, म्हणून आईच्या तोंडात जवाब.

त्याच हिवाळ्यात प्रतिष्ठानची माणसं झुलाघर बघायला येणार असा निरोप आला. पुढे किती वर्षं मदत द्यायची हे ते बघून ठरवणार होते. मी आणि सर टोलीत गेलो आणि बायांना गोळा करून सांगितलं, की काही म्हणजे काही करू नका. जसं आहे तसं दिसू द्या. तुम्ही नेहमीसारख्या कामावर जा, दुपारी शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच भेटू. अडचणी विचारतील त्या सांगा. मी तर दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या मुलीची आई म्हणाली, "तुमी फिकर नोका करू ताई. तुमची मान खाली नाही जाऊ देनार आमी." तिच्या बोलण्यातला निश्चय पाहून मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण मला उलट बरं वाटलं.

त्या दिवशी नागपूरच्या विमानतळावरून त्यांची गाडी आली. एक बाई, एक तरुण गृहस्थ. सर त्यांच्याबरोबर गाडीत होते, मी आधीच टोलीत पोचले होते. पोचले आणि वाटेतच थबकले. सडा, रांगोळी, आंब्याचं तोरण. एकही बाई शेतावर गेली नव्हती. दिवसाची मजुरी बुडवून सगळ्या घरी, आणि अंगावर लग्नातल्या नाहीतर मागून आणलेल्या साड्या. लोधीखेड्याच्या बिछायतवाल्याकडून झालरीच्या खुर्च्या आल्या होत्या. झुलाघरातल्या झोक्यांच्या जुन्या साड्या काढून तिथे नव्या, चकचकीत साड्या बांधलेल्या. लेकरांना पावडर, काजळ, नवे झबले. एका झोक्यात संत्र्याच्या बागेच्या मालकाचा नातू झोपवला होता. मी विचारलं, हा इथे कशाला? तर म्हणे, गुटगुटीत दिसतो म्हणून.

मी त्या मुलीच्या आईला बाजूला घेतलं. "अगं, हे काय करून ठेवलं? मी काय सांगितलं होतं?"

तिला माझ्या रागाचं नवल वाटलं. "पाव्हणे येऊन राहिले ना ताई. मंग काय धुऱ्यावर बसवू त्यायले, मातीत? आमाले काही रीत हाये का नाही?"

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. आमच्याकडे भांडं नुसतं लपवत नाहीत, त्यात आपलं उसनं ताक ओतून वर पाहुण्यालाच पाजतात. मी हे तिला बोलले असते, पण गाडीचा हॉर्न ऐकू आला.

आलेल्या बाई भल्या होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. चपला बाहेर काढून त्या लेकरांमध्ये खाली बसल्या. एका लेकराने त्यांच्या मांडीवर शू केली तर हसल्या. मालकाच्या नातवाला त्यांनी बराच वेळ खेळवलं आणि किती निरोगी मूल आहे म्हणाल्या. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं.

मग बायांशी बोलणं सुरू झालं. पाहुण्या बाई हिंदीत विचारत, टोलीतल्या बाया आपल्या बोलीत सांगत, आणि मी मधे. काही त्रास होतो का? "नाही जी, काही तकलीफ नाही." पाणी? "पानी भरपूर हाये." घरचं उत्पन्न पुरतं का? "देवाच्या दयेनं सगळं मस्त हाये." एकजात सगळ्यांनी असंच सांगितलं. काहीजणींच्या घरी आदल्या दिवशी भाजीला तेल नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण पाहुणा दारात आहे, त्याला अजून जेवायचं आहे, आणि जेवणाआधी त्याच्यासमोर आपलं रडगाणं गाणं म्हणजे त्याच्या घशात घास अडकवणं. ही रीत त्यांच्या आयांनी त्यांना शिकवली आणि माझ्या आईनेही मला शिकवलेली आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या घरी मामा आले की वडील पगार झाल्यासारखे वागायचे, महिन्याची कोणतीही तारीख असो.

शेवटी पाहुण्या बाईंनी तो प्रश्न विचारला. समजा उद्या हे झुलाघर आमच्या मदतीशिवाय चालवायची वेळ आली, तर तुम्ही काय कराल?

मी प्रश्न नीट सांगितला, अगदी सावकाश, शब्द निवडून. सगळ्यांनी त्या मुलीच्या आईकडे बघितलं, कारण टोलीच्या वतीने बोलणारी तीच. तिने पदर सावरला आणि पाहुण्यांना धीर द्यावा तसं हसून म्हणाली, "करून घेऊ जी आमी कसंबी. तुमी आमची फिकर नोका करू. तुमी एवढे दुरून आले, थेच लय झालं."

मी ते सांगितलं, आणि लगेच पुढे म्हटलं की मॅडम, हे ती रीत म्हणून बोलते आहे. आमच्याकडे पाहुण्याला असंच म्हणतात. झुलाघर बंद झालं तर हिची मुलगी शाळा सोडून घरी बसेल.

बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ. "दीदी, आप बीच में मत बोलिए. इन्हें अपनी बात खुद कहने दीजिए."

लोकांचं म्हणणं लोकांच्याच तोंडून ऐकायचं, कार्यकर्त्याने आपले शब्द त्यांच्या तोंडी घालायचे नाहीत, हे त्यांना कुठल्यातरी शिबिरात शिकवलेलं असणार. मलाही शिकवलं होतं. चांगलंच शिक्षण आहे ते. फक्त ज्यांनी ते लिहिलं त्यांच्यापैकी कुणी आमच्याकडे पाहुणा म्हणून जेवलेलं नसावं.

मी तरी हट्ट सोडला नाही. म्हटलं, मोठ्या मुली लोधीखेड्याच्या शाळेत आहेत, त्यांना भेटायला चला, गाडीने जवळच आहे. खरं जे बघायचं होतं ते टोलीत नव्हतंच, ते तिथे नववीच्या वर्गात बाकावर बसलं होतं. पण परतीचं विमान होतं आणि जेवण तयार होतं. बागेच्या मालकाने आपली फरशीची ओसरी जेवणासाठी दिली होती, कारण गावात आलेला पाहुणा तो त्याचाही पाहुणा. बायांनी उलट्या मडक्यावर पुरणाचे मांडे भाजले होते, धोतरासारखे पातळ. वांग्याची भाजी, कोथिंबिरीची सांबारवडी, कढी. पाहुणे त्या ओसरीवर, पंख्याखाली बसून जेवले आणि निघताना बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाल्या, तुम्हाला अभिमान वाटायला हवा, या स्त्रिया आता स्वतःच्या पायांवर उभ्या आहेत. आणि डिकीत संत्र्यांची टोपली ठेवून गाडी गेली.

निर्णय कळायला होळी उजाडली. सरांना फोन आला तेव्हा मी समोरच बसले होते. सर बराच वेळ नुसतं हां, हां करत होते. मग फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, परत काढला. म्हणाले, "आपण यशस्वी झालो म्हणतात ते." गाव सक्षम झालं आहे, तेव्हा पुढच्या वर्षीपासून ती मदत दुसऱ्या एका जिल्ह्यात, जास्त गरज असलेल्या गावांना दिली जाणार होती. मी खूप बोलले. त्या पाहुण्या बाईंना, त्या प्रतिष्ठानला, टोलीतल्या झालरीच्या खुर्च्यांना, सगळ्यांना. सरांनी मधे एकदाही अडवलं नाही. मी थांबले तेव्हा ते एवढंच म्हणाले, की त्या दुसऱ्या जिल्ह्यातही कुणाच्या तरी कडेवर लेकरू असेलच. ते खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त रडू आलं. रागवायला नीटसं कुणी उरलंच नव्हतं.

उन्हाळाभर आम्ही आपल्या लोकांकडे हात पसरले. दानशूर माणसं आमच्याकडे कमी नाहीत. पांढुर्ण्याला गेलो. तिथल्या एका मोठ्या व्यापाऱ्याने आम्हाला उसाचा रस पाजला, सगळं ऐकून घेतलं, हळहळला. म्हणाला, गोटमारीच्या जत्रेत दगड लागून जखमी होतात त्यांच्यासाठी मी दरवर्षी मलमपट्टीचा मंडप टाकतो, मला सेवेची आवड आहे. आणि त्याने खरोखरच लगेच पंखे पाठवले. प्रत्येक पात्यावर त्याच्या स्वर्गवासी वडिलांचं नाव, लाल रंगात. आम्हाला पंखे नको होते, दोन बायांचा पगार हवा होता. जाम नदीच्या पलीकडे सावरगावात एक म्हातारे सावकार भेटले, ते तर स्पष्टच बोलले, "ताई, सभामंडप सांगा, पान्याची टाकी सांगा, देतो. पगार देऊन पुन्य लागते काय?" परतीच्या गाडीत सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, पगारावर नाव कुठे लिहिणार? मी हसले नाही, आणि तेही हसले नाहीत.

दिवाळी आली. टोलीतल्या बायांनी आपसात ठरवलं, पाळीपाळीने एकेकीने घरी राहून सगळ्यांची लेकरं बघायची. त्या बाईचाच त्यात पुढाकार होता. कसंबी करून घेऊ असं पाहुण्यांना म्हणाली होती, ते तिने खरं करायचं मनावर घेतलं होतं. थोडे दिवस चाललंही. पण जिची पाळी तिची मजुरी बुडायची, आणि कापसाचे दिवस म्हणजे वर्षाची कमाई. एकीचं लेकरू पडलं, दुसरीने तिला बोल लावला. एकीला मुकादमाने सांगितलं, मधे मधे खाडे करायचे असतील तर येऊच नको. पाळ्या मोडल्या. खोलीला कुलूप लागलं, आत लाल नावांचे पंखे.

मुलगी तेव्हा दहावीत होती. सुरुवातीला ती भावाला घेऊनच शाळेत गेली. सायकलच्या कॅरियरला ओढणीने बांधून न्यायची. मास्तरांनी काही दिवस चालवून घेतलं. मग तो वर्गात रडायला लागला, आणि दुसऱ्या मुलांच्या बोर्डाच्या वर्षाचं नुकसान होतं म्हणून तिला समजावून घरी पाठवलं. मला हे कळल्यावर मी मुख्याध्यापकांकडे गेले, भांडले, पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसायचा खाजगी फॉर्म भरू द्या म्हणून त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. टोलीत जाऊन बाईला म्हटलं, काही दिवस माझ्याकडे सौंसरला ठेव मुलाला, मी बघते. ती नको म्हणाली. ताईच्या घरी लेकरू ठेवायचं म्हणजे ताईला त्रास द्यायचा, तिच्या रीतीत ते बसत नव्हतं. मी चिडून निघून आले, आणि मग संस्थेच्या कामांत, पोट भरण्यासाठी घेतलेल्या नव्या सर्वेक्षणात, बरेच दिवस तिकडे गेले नाही.

गेले ती एकदम फेब्रुवारीत. दहावीचे पेपर चालू होते. लोधीखेड्याच्या शाळेबाहेर पोरं-पोरी घोळक्याने उभी होती, एकमेकांना उत्तरं विचारत होती. त्यात ती नव्हती हे मला माहीत होतं, तरी मी गाडीतून उतरून सगळे चेहरे बघून घेतले. मग चालत टोलीत गेले.

कापूस संपत आला होता, म्हणून बाई त्या दिवशी घरी होती. मला बघून तिला फार आनंद झाला. खाटेवर गोधडी घातली, मुलीला चहा ठेवायला सांगितलं. मुलगी आतून आली, भाऊ कडेवर. "बसा ताई," एवढंच म्हणाली. उंच झाली होती. केस घट्ट बांधलेले, अंगावर आईचा जुना ब्लाऊज. मी पुढच्या वर्षीच्या फॉर्मबद्दल बोलायला लागले तर ती ऐकून घेऊन आत गेली. पूर्वी माझं प्रत्येक वाक्य पडताळणारी पोरगी. त्या गप्प बसण्याचं मला जेवढं दुःख झालं तेवढं त्या फोनचंही झालं नव्हतं.

बाई म्हणाली, दीर येऊन गेला. स्थळ पांढुर्ण्याकडचं आहे, घरी संत्र्याची थोडी झाडं आहेत. मी म्हटलं, ती लहान आहे, कायदा आहे. ती म्हणाली, "मले समजते ताई. अक्षय तृतीयेपर्यंत टाळून राहिली मी. पन काय सांगून टाळू? आता जवाबच नाही राह्यला माह्यापाशी."

मग तिने आतल्या दाराकडे बघितलं. आवाज खाली आणला, मुलीला ऐकू जाऊ नये असा.

"ताई, एक इचारू? राग नोका मानू."

"विचार ना."

"थ्या दिवशी पाहुनचारात आमचं काय चुकलं? मी लय दिवस इचार करून राहिली. थ्या मॅडमनं मांडा अर्धाच खाल्ला होता, मी पाह्यलं. भाजी तिखट झाली होती काय? का कोनी काही बोललं त्यायले? एवढ्या चांगल्या होत्या. रडल्या जाताना. मंग काऊन रागावल्या आमच्यावर?"

 त्या रागावल्या नव्हत्या, हे मला सांगायचं होतं. तू इतकं चांगलं केलंस म्हणून झुलाघर गेलं, हे सांगायचं होतं. पण ते तिला कोणत्या तोंडाने सांगणार? तिच्याजवळ जे होतं त्यातलं सगळ्यात चांगलं तिने त्यांच्यापुढे ठेवलं होतं. त्यानेच तिच्या मुलीची शाळा गेली, हे कळून तिला काय मिळणार होतं? मी म्हटलं, "काही नाही चुकलं गं तुझं. काहीच नाही."

तिचा विश्वास बसला नाही. पण मला वाईट वाटू नये म्हणून तिने मान डोलावली. मग माझ्याजवळ सरकली.

"त्यायले सांगा ना ताई, एक डाव आनखी या म्हना. ह्या खेपेस काही कमी नाही पडू देत. तवा मी एकटी पडली होती कामाले. आता पोरगी घरीच असते ना, तिचा हात लागन."

आतून मुलगी चहा घेऊन आली. मी तिच्याकडे न बघता कप हातात घेतला आणि तिच्या आईला म्हटलं, सांगते.